ई-रिक्षाचे व्होल्टेज, करंट आणि वेग एकाच वेळी कसे मोजावेत

पूर्वी एका चार्जिंगमध्ये आरामात दिवस काढणारी ई-रिक्षा दुपारीच दम टाकू लागली, की सगळ्यात आधी बॅटरीला मल्टिमीटर लावला जातो. उभ्या गाडीत ५०.८ व्होल्ट दिसतात आणि बॅटरी ठीक आहे असे ठरते. ही तपासणी अपुरी आहे. उभ्या गाडीतले व्होल्टेज बॅटरीत किती चार्ज शिल्लक आहे याचा अंदाज देते. भार पडल्यावर ती बॅटरी किती तग धरेल हे त्यातून कळत नाही. नुसता करंट पाहिला तर तो चढामुळे वाढला, ब्रेक घासल्यामुळे वाढला की गाडी वेगात होती म्हणून, हे सांगता येत नाही. व्होल्टेज, करंट आणि वेग हे तिन्ही आकडे एकाच क्षणाचे हवेत. ते कसे मिळवायचे याची ही कृती आहे.

इथे धरलेली गाडी म्हणजे १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे ४८ व्होल्ट, साधारण १ किलोवॅटची बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर, मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारे डिफरन्शियल आणि ताशी २५ किमीची वेगमर्यादा. हब मोटरच्या (मोटर चाकातच असलेल्या) स्कूटरलाही बहुतेक सगळे लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

हात लावण्यापूर्वी

४८ व्होल्टचा शॉक सहसा मोठा बसत नाही, म्हणून लोक निष्काळजी होतात. खरा धोका शॉर्टचा आहे. या बॅटऱ्या शॉर्ट झाल्या की शेकडो अँपिअर सोडतात. पान्हा दोन टर्मिनलना टेकला तर तो जागीच वितळू लागतो, बोटातली अंगठी तर क्षणात लाल होते. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा आणि पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेपचे दोन-तीन थर द्या. चार्जिंग चालू असताना किंवा नुकतेच संपले असताना बॅटरीच्या पेटीत हायड्रोजन साचलेला असतो, त्या वेळी एकही जोड सोडू नका. काम सुरू करताना सगळ्यात आधी मुख्य निगेटिव्ह वायर काढा आणि शेवटी तीच जोडा.

मल्टिमीटरची एक चूक फार महागात पडते. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहून जाते आणि तशीच बॅटरीच्या दोन टोकांना लावली जाते. त्या भोकात मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तार असते, त्यामुळे तो थेट शॉर्ट होतो. करंट मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला, ही सवय लावून घ्या.

आधी साध्या साधनांनी

मल्टिमीटर आणि वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर एवढ्यावर निम्मे काम होते. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी अँपिअर मोजतो का ते नीट विचारा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात. त्यांच्या डायलवर डीसी व्होल्ट लिहिलेले असते, त्यामुळे फसगत होते, आणि बॅटरीच्या वायरीवर ते शून्य दाखवतात. डीसी क्लॅम्प वापरताना दर वेळी तो वायरीपासून दूर नेऊन शून्य करून घ्यावा लागतो, नाहीतर दोन-तीन अँपिअरची चूक सहज राहते.

क्लॅम्प बॅटरीकडून कंट्रोलरला (मोटर चालवणाऱ्या पेटीला) जाणाऱ्या वायरीवर लावा. मोटरच्या तीन जाड वायरींपैकी एकीवर लावला तर आकडा वेगळाच येतो. कंट्रोलर मोटरला गरजेनुसार कमी व्होल्टेज देतो आणि त्या प्रमाणात करंट वाढवतो. गाडी सुटताना बॅटरीतून १५ अँपिअर जात असतील त्याच वेळी मोटरच्या वायरींतून त्याच्या कितीतरी पट करंट वाहत असतो. शिवाय तो दिशा बदलणारा करंट आहे. किती ऊर्जा खर्च झाली हे मोजायचे तर बॅटरीकडची वायर हीच जागा.

उभ्या गाडीचे व्होल्टेज चार्जिंगनंतर लगेच घेऊ नका. त्या वेळी ५२-५३ दिसतात आणि ते फसवे असतात. दोन-तीन तास गाडी तशीच राहू द्या. त्यानंतर ५०.८ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली, ४८.८ म्हणजे साधारण निम्मी आणि ४७.६ म्हणजे जवळजवळ रिकामी. चारही बॅटऱ्यांचे वेगवेगळे आकडे लिहा. एखादी इतरांपेक्षा ०.२ व्होल्टहून जास्त मागे असेल तर तिच्यावर खूण करून ठेवा.

कायमची जोडणी: काय काय लागते

चालत्या गाडीत एक माणूस मीटर धरून बसणे दोन-चार फेऱ्यांपुरते ठीक. रोजच्या नोंदींसाठी मात्र हे मुख्य सामान घ्या: १०० अँपिअर-७५ मिलिव्होल्टचा एक शंट (करंट मोजण्याचा रोध), एक अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एक एडीएस१११५ मॉड्यूल (व्होल्टेज अचूक वाचणारे), १२० किलोओहम आणि १० किलोओहमचे एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म रेझिस्टर, ए३१४४ हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा), ८ मिमी व्यासाची चार निओडायमियम चुंबके, ८० व्होल्टपर्यंत चालणारा एक्सएल७०१५ चिपचा ५ व्होल्ट कन्व्हर्टर, एक छोटा डिस्प्ले आणि एसडी कार्डचे मॉड्यूल.

यातल्या कन्व्हर्टरकडे विशेष लक्ष द्या. दुकानात सहज मिळणारा एलएम२५९६ चा कन्व्हर्टर ४० व्होल्टपर्यंतच चालतो. ४८ व्होल्टच्या गाडीत, त्यातही चार्जिंगच्या वेळी ५८-५९ व्होल्टला, तो जळतो आणि जळताना बहुतेकदा पूर्ण व्होल्टेज पुढे सोडून अर्डुइनोही घेऊन जातो. आयएनए२१९ या लोकप्रिय करंट-मॉड्यूलचेही तसेच. त्याची मर्यादा २६ व्होल्ट आहे, पॉझिटिव्ह वायरीत लावले की संपले.

बाजारात ६.५ ते १०० व्होल्टचे, शंटसकट तयार मीटरही मिळतात. फक्त व्होल्ट, अँपिअर आणि वॉट-तास पाहायचे असतील तर ते पुरेसे आहेत. त्यांत वेग नसतो, नोंद साठत नाही आणि ब्रेकच्या वेळी बॅटरीकडे उलट जाणारा करंट बहुतेकांना दिसत नाही.

शंट

शंट म्हणजे अगदी कमी, पण नेमका माहीत असलेला रोध. १०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट म्हणजे ०.७५ मिलिओहम. तो बॅटरीच्या मुख्य निगेटिव्ह वायरीत बसवा, म्हणजे कंट्रोलर, दिवे, हॉर्न आणि चार्जर या सगळ्यांचा करंट त्यातूनच जाईल. ५० अँपिअरला त्यात १.९ वॉट उष्णता होते, काही बिघडत नाही. ५० अँपिअरचाच शंट घेऊन तो सतत पूर्ण भाराने चालवला तर तापतो आणि आकडा सरकतो. शंट त्याच्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशापर्यंतच सतत वापरावा. बॅटरीच्या पेटीत मात्र तो बसवू नका, ॲसिडच्या वाफेने त्याचे स्क्रू वर्षभरात हिरवे पडतात.

शंटला दोन मोठे बोल्ट आणि दोन छोटे स्क्रू असतात. जाड वायरी मोठ्या बोल्टना, मोजण्याच्या बारीक वायरी छोट्या स्क्रूंनाच. बारीक वायर मोठ्या बोल्टखाली दाबली तर थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि बोल्ट यांच्यामधला रोधही मोजमापात येतो. इथे एक मिलिव्होल्ट म्हणजे १.३ अँपिअर, त्यामुळे किंचित ढिला बोल्टही आकडा बिघडवतो. दोन्ही बारीक वायरी एकमेकींना पीळ देऊन एडीएस१११५ पर्यंत न्या. कंट्रोलरकडच्या स्क्रूची वायर मॉड्यूलच्या ए-शून्य पिनला आणि बॅटरीकडची ए-एकला. मॉड्यूलजवळ प्रत्येकीत १०० ओहमचा रेझिस्टर आणि दोघींमध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. कंट्रोलरच्या जलद चालू-बंद होण्याने करंटमध्ये जे दाते येतात ते याने गुळगुळीत होतात. मॉड्यूल दोन पिनांमधला फरक वाचेल असे ठेवा आणि रेंज ०.२५६ व्होल्टची निवडा. तिथे एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची, म्हणजे साधारण ०.०१ अँपिअरची असते. उलट करंट आला तर आकडा ऋण होतो आणि तोही नीट वाचला जातो.

अर्डुइनोची ग्राउंड वायर वेगळी, तिसरी घ्या आणि ती शंटच्या बॅटरीकडच्या मोठ्या बोल्टला जोडा. एक वायर वाचवण्यासाठी ए-एक आणि ग्राउंड एकत्र केले जातात. मग अर्डुइनो, डिस्प्ले आणि कार्डचा करंट त्याच बारीक वायरीतून जातो. त्या वायरीत नुसते ३ मिलिव्होल्ट पडले तरी गाडी बंद असताना ४ अँपिअर दिसतात, आणि डिस्प्लेचा उजेड बदलला की तेही बदलतात.

याहून गंभीर चूक दोन ग्राउंड जोडण्याची आहे. कंट्रोलरच्या हॉल-सेन्सरच्या वायरींमधून वेग घ्यावा असे वाटते, आणि त्यासाठी तिथली काळी वायर अर्डुइनोच्या ग्राउंडला जोडली जाते. ती काळी वायर शंटच्या पलीकडची, कंट्रोलरच्या बाजूची आहे. असे जोडताच शंटला समांतर एक बारीक वाट तयार होते. थोडा करंट तिकडून जातो आणि मीटर कमी दाखवू लागतो. एखाद्या दिवशी शंटचा बोल्ट ढिला झाला, की मोटरचा सगळा करंट त्या बारीक वायरीतून आणि अर्डुइनोच्या बोर्डातून जायला पाहतो आणि वायर पेटते. गाडीतल्या १२ व्होल्टच्या कन्व्हर्टरवरून अर्डुइनो चालवला तरी हेच होते. म्हणून मोजणीच्या सर्किटला स्वतःचा कन्व्हर्टर, स्वतःचा वेगाचा सेन्सर आणि एकच ग्राउंड द्या. एसडी कार्डाऐवजी लॅपटॉप जोडायचा असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून, त्याच्या बॅटरीवरच चालवा.

व्होल्टेज

५९ व्होल्ट थेट मॉड्यूलला देता येत नाहीत, म्हणून १२० आणि १० किलोओहमचा विभाजक लावा. याने व्होल्टेज १३ ने भागले जाते, ६० व्होल्टचे ४.६ होतात. १० किलोओहमला समांतर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि मॉड्यूलच्या ए-दोन पिनवर ६.१४४ व्होल्टची रेंज निवडा. संरक्षण म्हणून ५.१ व्होल्टचा झेनर डायोड (ठरावीक व्होल्टेजच्या पुढचे अडवणारा) लावण्याची पद्धत आहे, पण हा झेनर ४ व्होल्टच्या पुढेच थोडा थोडा गळू लागतो आणि नेमके भरलेल्या बॅटरीचे आकडे कमी येतात. १२० किलोओहममधून अर्धा मिलिअँपिअरही जात नाही, तेवढा मॉड्यूलच्या आतल्या संरक्षणाला सहज झेपतो.

१२० किलोओहमचा रेझिस्टर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह थिंबलजवळ, उष्णतेने आवळणाऱ्या नळीत बसवा. मग तिथून पुढे येणारी वायर कुठे घासून चेसिसला टेकली तरी काही जळत नाही. कन्व्हर्टरच्या पॉझिटिव्ह वायरीला मात्र फ्यूज हवाच, १ अँपिअरचा आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. नेहमीचे मोटारीतले पात्याचे फ्यूज ३२ व्होल्टसाठी असतात. ४८ व्होल्ट डीसीवर ते वितळल्यानंतरही आतमध्ये ठिणगी चालू राहू शकते. ५८ व्होल्ट किंवा त्याहून जास्त डीसी लिहिलेला फ्यूज मागून घ्या.

व्होल्टेजची वायर कंट्रोलरपाशी जोडू नका. तिथे मधल्या केबलमध्ये पडलेले व्होल्टेज वजा होऊन येते आणि दोष बॅटरीला लागतो.

वेग

आधी चाकाचा घेर मोजा. टायरवर लिहिलेल्या मापावरून काढलेला घेर भाराखाली खरा राहत नाही. टायरमध्ये नेमकी हवा भरा, गाडीत नेहमीएवढे वजन ठेवा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा आणि चाक पाच पूर्ण फेरे सरळ ढकलत न्या. पाच फेऱ्यांत ७.४५ मीटर गेले तर घेर १.४९ मीटर.

चार चुंबके चाकाच्या रिमवर आतल्या बाजूने ९० अंशांवर एराल्डाइटने चिकटवा आणि चोवीस तास सुकू द्या. ब्रेक ड्रमवर लावू नका. ड्रम तापतो आणि साधी निओडायमियम चुंबके ८० अंशांच्या पुढे आपली ताकद गमावतात. ए३१४४ फक्त दक्षिण ध्रुवाला दाद देतो, तोही सेन्सरच्या अक्षरे छापलेल्या बाजूने. चिकटवण्यापूर्वी प्रत्येक चुंबक सेन्सरसमोर धरून कोणती बाजू चालते ते पाहा आणि तिच्यावर पेनने ठिपका द्या. अंतर ३ ते ५ मिमी ठेवा. अक्षरे आपल्याकडे असताना डावीकडून पहिली पिन ५ व्होल्ट, मधली ग्राउंड, तिसरी आउटपुट. आउटपुट आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर (पुल-अप) लावा. अर्डुइनोच्या आतला पुल-अप फार कमजोर आहे, मोटरच्या वायरींशेजारून वायर गेली की खोटे ठोके (सेन्सरचे सिग्नल) येतात.

ठोके मोजायची पद्धत हा इथला कळीचा भाग आहे. एका सेकंदात किती ठोके आले हे मोजले आणि चुंबक एकच असेल, तर ताशी २५ किमीला सेकंदाला साडेचार-पावणेपाच ठोके येतात. म्हणजे कधी ४, कधी ५, आणि प्रत्येक ठोका ताशी ५.४ किमीचा. डिस्प्लेवर वेग २१ आणि २७ मध्ये उड्या मारत राहतो. त्याऐवजी दोन ठोक्यांमधला वेळ मायक्रोसेकंदांत मोजा. चार चुंबके हाताने लावताना अंतरे अगदी सारखी येत नाहीत, म्हणून आत्ताचा ठोका आणि चार ठोक्यांपूर्वीचा ठोका यांतला वेळ घ्या. तो पूर्ण एका फेऱ्याचा असतो आणि चुंबकांच्या जागेची चूक आपोआप निघून जाते. घेर भागिले वेळ, गुणिले ३.६, झाला ताशी किलोमीटरमध्ये वेग. २० मिलिसेकंदांच्या आत आलेला ठोका टाकून द्या, तो ताशी ६७ किमीचा होईल आणि ही गाडी तेवढी पळत नाही. दोन सेकंद ठोकाच आला नाही तर वेग शून्य लिहा. ही अट विसरली तर गाडी उभी राहिल्यावरही शेवटचा वेग डिस्प्लेवर अडकून राहतो.

हब मोटरच्या स्कूटरमध्ये मोटरच्याच हॉल सेन्सरवरून वेग घ्यायचा असेल तर मध्ये ऑप्टोकपलर (विजेची जोडणी न करता उजेडाने सिग्नल पुढे देणारा भाग) आणि त्याला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर लावा, ग्राउंड जोडू नका. ४६ चुंबकांच्या हब मोटरला एका फेऱ्यात एका हॉलवर २३ ठोके येतात. तरीही चाक हाताने एक फेरा फिरवून स्वतः मोजा.

तिन्ही आकडे जुळवून घेणे

व्होल्टेजसाठी चांगल्या मल्टिमीटरशी दोन ठिकाणी तुलना करा, एकदा उभ्या गाडीत ४९-५० च्या आसपास आणि एकदा चार्जिंगच्या शेवटी ५७ च्या वर. १३ ऐवजी प्रत्यक्षात १३.०६ वगैरे गुणक निघेल, तो वापरा.

करंटचे शून्य घेण्यासाठी शंटवरची कंट्रोलरकडची जाड वायर काढा. चावी बंद ठेवणे पुरेसे नाही, कारण कंट्रोलर आणि १२ व्होल्टचा कन्व्हर्टर तेव्हाही थोडा करंट खात असतात. मग १२ व्होल्ट-५५ वॉटचे चार हॅलोजन बल्ब सिरीजमध्ये जोडून ते बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून शंटच्या मोकळ्या बोल्टपर्यंत लावा, मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरवर. साधारण साडेचार-पाच अँपिअर मिळतात. बल्ब तापायला काही सेकंद द्या आणि मग दोन्ही आकडे एकदम लिहा. बऱ्याच मीटरवर १० अँपिअरला १०-१५ सेकंदांचीच मुभा असते, जास्त वेळ ठेवू नका.

वेगासाठी टेपने १०० मीटर आखा आणि ठोके मोजा. १.४९ मीटर घेर आणि चार चुंबके असतील तर २६८ किंवा २६९ यायला हवेत. कमी आले तर एखादे चुंबक लांब पडले आहे, बरेच जास्त आले तर खोटे ठोके शिरत आहेत.

फेरी

टायरची हवा तपासा. प्रवाशांच्या जागी ५० किलोची सहा पोती ठेवली तर वजन दर वेळी सारखे राहते. शक्य तेवढा सपाट, एक किलोमीटरचा सरळ रस्ता घ्या आणि ताशी २० वर स्थिर ठेवून जाऊन-येऊन तीन फेऱ्या करा. एकाच दिशेने मोजले तर डोळ्याला न दिसणारा उतार आणि वारा आकडे बिघडवतो. नोंद सेकंदाला पाच वेळा घ्या आणि तिन्ही आकडे एकाच ओळीत लिहा. कार्डावर दर सेकंदाला फाइल पक्की करत जा, नाहीतर चावी बंद होताच शेवटची नोंद जाते.

हिशोब असा: ४९.२ व्होल्ट, १४.५ अँपिअर म्हणजे ७१३ वॉट. ताशी २० किमीने भागले की किलोमीटरला ३५.७ वॉट-तास. हा आकडा गाडीची मूळ नोंद म्हणून जपून ठेवा. काही महिन्यांनी त्याच वेगाला ४८.८ व्होल्ट आणि २० अँपिअर दिसले, म्हणजे किलोमीटरला ४८.८ वॉट-तास, तर बॅटरी बदलून काही मिळणार नाही. गाडीच जास्त ओढते आहे. मागची चाके जॅकवर घेऊन हाताने फिरवा. ब्रेक लायनर घासत असतो, बेअरिंग धरलेले असते किंवा टायरची हवा उतरलेली असते.

वेग आणि करंट पूर्वीसारखेच आहेत आणि व्होल्टेज मात्र खाली कोसळते आहे, तेव्हा बॅटरीकडे वळा. चढावर एकदम भार पडताना व्होल्टेज ५०.६ वरून ४७.४ झाले आणि करंट शून्यावरून ४० अँपिअर, तर आतला एकूण रोध ३.२ भागिले ४०, म्हणजे ०.०८ ओहम. त्याच चढावर चार फेऱ्या करून दर फेरीला एका बॅटरीवर मल्टिमीटर ठेवा. तीन बॅटऱ्या ०.५ व्होल्टने उतरतात आणि एक दीड व्होल्टने, तर तीच बॅटरी चौघींना खाली ओढते आहे. भार देण्यासाठी चाक अडवून ॲक्सिलरेटर पिळू नका. मोटर अडलेली असताना कंट्रोलरच्या एकाच जोडीतून करंट जात राहतो आणि ते मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे स्विच) जळतात.

बॅटरी बदलण्यापूर्वी जोडही तपासा. ३० अँपिअर चालू असताना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरे थिंबलच्या तांब्यावर टेकवा. ०.१ व्होल्ट आले तर तो एक जोड ३ वॉट उष्णता करतो आहे, ०.५ आले तर १५ वॉट, आणि हात लावताच चटका बसेल. चार बॅटऱ्यांच्या साखळीत असे आठ जोड असतात. ते उघडून घासा, थिंबल काळे पडले असेल तर कापून नवे क्रिंप करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आवळण्याआधी मध्ये भरू नका.